आधी नक्कल, मग दुरुस्ती

सांगलीच्या गावभागात माझं अक्षरजुळणीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, वर्षाकाठी एखाद-दुसरं पुस्तक, अशी कामं मी वीस वर्षांहून अधिक काळ करते आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एका माणसाचं न भरून येणारं नुकसान झालं. हार्ड डिस्क कधी जाणार हे माझ्या हातात नव्हतं. ती जाण्याआधीचे चार दिवस मात्र माझ्या हातात होते. त्या चार दिवसांत मी काय केलं आणि काय करायला हवं होतं, ते सगळं इथे सांगते. ज्यांच्या कॉम्प्युटरवर कुणाचं लिखाण, कुणाचे फोटो, कुणाचा आवाज किंवा कुणाचा हिशेब आहे, त्यांनी हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मंगळवार ते शनिवार

२०१६ चा सप्टेंबर. गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं. एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींचं पुस्तक माझ्याकडे होतं. वय ब्याऐंशी. रोज दुपारी तीनला यायचे, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचे आणि तिसरं प्रूफ वाचता वाचता नवं सांगत जायचे. १९७२ च्या दुष्काळाचं प्रकरण हस्तलिखितात चार पानांचं होतं. गुरुजींना आठवत गेलं, मी टाइप करत गेले आणि त्याची नऊ पानं झाली. शाळेत वाटलेली सुकडी पोरं अर्धीच खायची आणि उरलेली धाकट्या भावंडांसाठी घरी न्यायची, हा मजकूर त्याच दुपारी आला. मुली ती कशात बांधून न्यायच्या, त्यासाठी नेमका शब्द कोणता, यावर आम्ही बराच वेळ थांबलो होतो. "ओचा लिही, पोरी," गुरुजी शेवटी म्हणाले, "परकराच्या ओच्यात." मी ते लिहिलं आणि सेव्ह केलं. सेव्ह व्हायला एक मिनिट लागलं. एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत होत असे.

हे पहिलं लक्षण. मला वाटलं, बऱ्याच खिडक्या उघड्या आहेत, म्हणून कॉम्प्युटर जड झालाय.

बुधवारी फोल्डर उघडला तर आतल्या फायलींची नावं एकेक करत, थांबत थांबत दिसायला लागली. गुरुजींच्या शाळेचा एक जुना फोटो उघडला तो अर्धाच आला, खालचा भाग नुसता करडा. मला वाटलं, स्कॅन करताना गडबड झाली असेल. गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरूच झाला नाही, दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर झाला. माझ्याकडे काम करणारी मुलगी म्हणाली, "ताई, आतून टकटक येतंय." मी पंख्यात धूळ अडकली असेल म्हणून सोडून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी गुरुजींची फाइल उघडताना कॉम्प्युटर हँग झाला. बंद करून चालू केला तेव्हा काळ्या पडद्यावर संदेश आला की ड्राइव्ह तपासून दुरुस्त केला जात आहे, आणि खाली टक्के दिसू लागले. मला बरं वाटलं. यंत्र आपणहून दुरुस्त होतंय, तर होऊ दे. अकरा टक्क्यांवर तो आकडा अडला तेव्हा मी शटर ओढून घरी गेले. रात्रभर ते चालू राहिलं.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा पडदा काळाच होता आणि सीपीयूच्या डब्यातून घड्याळासारखा सारख्या अंतराने आवाज येत होता. टक. टक. टक. मग एक घरघर, आणि परत तेच.

दुरुस्तीवाल्या मुलाने येऊन कान लावला आणि काही न बोलता आधी वीज तोडली. मग विचारलं, "ताई, बॅकअप कुठाय?" मी म्हटलं, "डीवर आहे. सी उडालं तरी डी राहतं ना?" त्याने डिस्क काढून माझ्या हातात ठेवली. "सी पण हीच आणि डी पण हीच, ताई."

आपल्याकडे अनेक घरांत आणि दुकानांत ही समजूत आहे. विंडोज नव्याने टाकताना सी पुसला जातो आणि डी राहतो, एवढंच त्यातलं खरं. सी आणि डी म्हणजे एकाच घराला मध्ये भिंत घालून केलेल्या दोन खोल्या. घरच कोसळलं तर दोन्ही गेल्या.

डिस्क पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवली. महिना गेला आणि माझ्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त पैसे गेले. तबकड्यांवर ओरखडे उठले होते, त्यामुळे जे वाचलं तेवढंच परत आलं. हजारो फायली आल्या, पण त्यांची नावं गेली होती, नुसते क्रमांक होते. लग्नपत्रिका आल्या, अहवाल आले. गुरुजींच्या पुस्तकाची फाइल आली पण उघडेना. दुसऱ्या प्रुफाचा कागद गुरुजींच्या घरी होता, म्हणून पुस्तक वाचलं. तिसऱ्या प्रुफात तोंडी सांगितलेलं सगळं गेलं.

आत काय घडत होतं

मी त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचलं, त्या दुरुस्तीवाल्या मुलाकडे बसून शिकले. हार्ड डिस्कच्या आत काय चालतं ते एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आत चकचकीत तबकड्या असतात. साध्या डेस्कटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे पळत असते. लिहिणारं-वाचणारं टोक, ज्याला हेड म्हणतात, ते तबकडीला टेकत नाही. फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर ते तरंगतं. मधलं अंतर किती, तर माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो. हेड एकदा तबकडीला घासलं की चुंबकीय थर खरवडला जातो, त्याचा कीस आतच फिरतो आणि आणखी ओरखडे पाडतो.

तबकडीवरची जागा छोट्या छोट्या कप्प्यांत वाटलेली असते, त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर वाचता येईना की डिस्क लगेच हार मानत नाही. तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. माझ्या कॉम्प्युटरचं ते एक मिनिट अशा प्रयत्नांत गेलं होतं. अर्ध्या फोटोचा करडा भाग म्हणजे वाचता न आलेले सेक्टर. आणि टकटक म्हणजे हेड आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही म्हणून परत मूळ जागी येतं आणि पुन्हा निघतं, त्याचा आवाज.

आता त्या शुक्रवारच्या रात्रीकडे बघा. विंडोजची ती दुरुस्ती आपल्या फायली वाचवण्यासाठी नसते. फायलींची नोंदवही नीट जुळावी, हे तिचं काम. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या ती छाटते, कधी फाइलच तोडते. वाईट सेक्टर शोधण्याचा पर्याय लावला तर ती डिस्कचा कोपरान् कोपरा वाचायला लावते, रिकामी जागासुद्धा. डिस्क धडधाकट असताना याने बिघडत नाही. पण माझी डिस्क अखेरच्या घटका मोजत होती, आणि तिच्या अंगात उरलेलं बळ मी त्या तपासणीत रात्रभर खर्च करू दिलं. गुरुजींचं पुस्तक पेन ड्राइव्हवर घ्यायला मंगळवारी काही मिनिटं पुरली असती. शुक्रवारी संध्याकाळीही कदाचित पुरली असती.

म्हणून मी सगळ्यांना एकच वाक्य सांगते. आधी नक्कल, मग दुरुस्ती. बिघाड काय आहे हे शोधणंसुद्धा नकलेनंतर.

ही लक्षणं दिसली की सावध व्हा

रोजची फाइल उघडायला किंवा सेव्ह व्हायला अचानक वेळ लागू लागला. कॉम्प्युटर मध्येच काही सेकंद थिजतो आणि मग पुन्हा चालतो. फोल्डर उघडताना यादी अडखळत येते. एखादी फाइल "खराब झाली आहे" असं म्हणते, फोटो अर्धा उघडतो, गाणं एका जागी अडतं. कॉपी करताना एकाच फायलीवर काम थांबतं. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही. काल असलेला फोल्डर आज नाही. दर वेळी सुरू होताना ड्राइव्ह तपासायचा संदेश येतो. यातलं एखादंच दिसलं तर कारण दुसरंही असू शकतं. मेमरी कमी असेल, व्हायरस असेल, आतली केबल सैल असेल. पण कारण शोधत बसू नका. आधी नक्कल करा. केबल सैल निघाली तर उत्तम, तुमच्याकडे एक जादा नक्कल राहील.

आवाज मात्र वेगळी गोष्ट आहे. सारख्या अंतराने टकटक, घासल्याचा आवाज, किंवा फिरायला लागून लगेच थांबणं, यातलं काही ऐकू आलं तर नक्कल करायच्याही भानगडीत पडू नका. थेट वीज बंद करा. अशा डिस्कमध्ये हेड तबकडीला घासत असू शकतं आणि चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट आणखी मजकूर खरवडून काढतं. हा फरक नीट लक्षात ठेवा. डिस्क मंद झाली असेल पण आवाज नसेल, तर चालू आहे तोवर नक्कल. आवाज येत असेल तर बंद.

पहिला तास

समजा, डिस्क मंद झाली आहे पण चालते आहे. आमच्या दुकानात आता जो क्रम पाळतो तो असा.

उघडलेली कामं बंद करा. त्या डिस्कवर नवं काही लिहू नका, काही डाउनलोड करू नका, नवं सॉफ्टवेअर टाकू नका. कॉम्प्युटर चालू असेल तर रिस्टार्ट करू नका; पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.

बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावा. मग स्वतःला विचारा, यातलं काय पुन्हा कुठेच मिळणार नाही? सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर पुन्हा मिळतात. तुम्ही लिहिलेलं, काढलेले फोटो, घेतलेले आवाज, हिशेबाच्या फायली मिळत नाहीत. त्यातलंही चालू काम आणि आकाराने लहान असलेलं सर्वांत आधी. माझ्या बाबतीत गुरुजींची एक फाइल पहिली जायला हवी होती.

अख्खा डी ड्राइव्ह एकदम उचलून कॉपीला लावू नका. वाटेत एक खराब फाइल आली की सगळं तिथेच अडकतं आणि मागच्या चांगल्या फायली ताटकळतात. एकेक फोल्डर घ्या. एखादी फाइल अडली तर ती सोडा, पुढच्या घ्या. अडलेल्यांची नावं कागदावर लिहून ठेवा, शेवटी वेळ उरला तर त्यांच्याकडे या. नक्कल झाल्यावर दोन-चार फायली त्या बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा.

कॉम्प्युटर विंडोजपर्यंत पोचतच नसेल पण डिस्कचा आवाज ठीक असेल, तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तिच्याकडे बघता येतं. जाणकार माणूस अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन वापरतो. ते आधी डिस्कचा सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मध्ये वीज गेली तरी टिपणावरून पुढे सुरू होतं. डिस्कची अशी जशीच्या तशी नक्कल, म्हणजे प्रतिमा, हाती आली की फायली शोधणं, नोंदवही दुरुस्त करणं हे सगळं त्या प्रतिमेवर करायचं. मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यायची. तुमच्या दुरुस्तीवाल्याला विचारा की तो आधी प्रतिमा घेतो का. "फॉरमॅट मारून देतो" असं उत्तर आलं तर डिस्क परत घ्या आणि घरी या.

हे करू नका

डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. बाहेर काढली की दव धरतं, आणि ते दव तबकडीवर असताना डिस्क फिरवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. टेबलावर आपटू नका, ठोकू नका. झाकण तर कधीच उघडू नका. ते उघडायची जागा म्हणजे धूळ गाळून काढलेली स्वच्छ खोली; आपल्या घरातली हवा त्या फटीला परवडत नाही.

दहा ठिकाणी दाखवत फिरू नका. प्रत्येक जण डिस्क चालू करून बघतो आणि प्रत्येक वेळी ती थोडी आणखी जाते. मजकूर मोलाचा असेल तर पहिल्यांदाच डेटा काढून देणाऱ्या चांगल्या जागी पाठवा. तपासणीचे पैसे किती, काही मिळालं नाही तर फी घेतात का, मिळालेल्या फायलींची यादी आधी दाखवतात का, हे लेखी घ्या. डिस्क वॉरंटीत असेल तरीही घाई नको. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतला मजकूर मिळत नाही, आणि जुनी डिस्क कंपनीकडेच राहते.

डिस्क स्वतः काय सांगते

गेल्या अनेक वर्षांतल्या हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवतात. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स आहे. डझनावारी आकड्यांत हरवू नका, तीन ओळी बघा. एक, वाईट निघाल्यामुळे बदललेले सेक्टर. दोन, वाचता येत नाहीत म्हणून निकालाची वाट पाहणारे सेक्टर. तीन, दुरुस्त न होणारे सेक्टर. या तिन्हींपुढचा मूळ आकडा शून्य असावा. शून्य नसेल आणि आठवड्याभरात वाढत असेल, तर डिस्क बदलायची वेळ आली. केबलच्या चुकांची वेगळी ओळ असते, तिला सीआरसी म्हणतात. फक्त तीच वाढत असेल तर बहुधा केबल बदलून भागतं.

या आकड्यांवर किती विसंबायचं? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये त्यांच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक दिसली, त्यानंतरच्या ६० दिवसांत त्या डिस्कची बिघडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे आकडा शून्यावरून हलला तर तो गांभीर्याने घ्यायचा. पण त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक अशा होत्या, की तापमान सोडलं तर स्मार्टमधल्या एकाही ओळीने आधी काही सांगितलं नव्हतं. "गुड" असा निळा शिक्का दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. काही डिस्क न सांगता जातात.

एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, तर अनेकदा न सांगताच जाते. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे टकटक नाही. काल चालत होती, आज कॉम्प्युटरला दिसत नाही, एवढंच घडतं. चुकून पुसलेली फाइल जुन्या हार्ड डिस्कवरून अनेकदा परत मिळते. एसएसडी पुसलेली जागा स्वतःच रिकामी करून टाकते, म्हणून तिथे ती आशाही कमी. वेग मिळतो, पण इशारा मिळत नाही. एसएसडी वापरणाऱ्याला लक्षणांची वाट पाहायची सोय नाही.

नक्कल कुठे ठेवायची

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक. मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

यातल्या शेवटच्या एकाचं मोल मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागातल्या दुकानांत शिरलं. कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातली बाहेरची डिस्क दोन्ही पाण्याखाली गेली. पण तोवर मी शिकले होते. दुसरी बाहेरची डिस्क सोलापूरला बहिणीकडे होती. दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी जातं-येतं, तेव्हा डिस्कची अदलाबदल होते. चालू कामाची एक प्रत इंटरनेटवरही असते. चिखल काढून नवा कॉम्प्युटर लावला आणि बहिणीकडच्या डिस्कवरून काम सुरू केलं. त्या पुरात गिऱ्हाइकाची एकही फाइल गेली नाही.

काही गोष्टी अनुभवाने सांगते. नक्कल झाली की बाहेरची डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर विजेचा झटका किंवा फायली ओलीस धरणारा व्हायरस दोन्हींना एकदम गाठतो. चालू असलेली डिस्क हलवू नका, पाडू नका. इंटरनेटवरची आपोआप जुळणारी प्रत चांगली, पण इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं, म्हणून ती एकटी पुरत नाही. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी यंत्रणा असेल तरी तेच. चुकून पुसलं तर दोन्हींवरून जातं. मोबाइलमधले फोटो विसरू नका. अनेक घरांत आता बाळाचं पहिलं पाऊल फक्त तिथेच असतं.

माझ्या व्यवसायातल्यांना एक खास सांगणं. आपल्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसतो. म्हणून फॉन्टच्या फायलींचीही नक्कल ठेवा. प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ करा आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून एक साधी प्रत ठेवा. पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर आज चालतं, उद्या चालेलच असं नाही. साधा मजकूर कुठल्याही यंत्रावर उघडतो.

आणि नक्कल उघडून बघा. न उघडलेली नक्कल म्हणजे नुसता विश्वास. आमच्याकडे दर शनिवारी दुकान बंद करताना नक्कल होते. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहायच्या आधी आम्ही दोघी बाहेरच्या डिस्कवरून दहा जुन्या फायली काढतो, पूर्ण उघडतो, पान उलटून बघतो. हत्याराची पूजा करायची तर ते हत्यार चालतं का, हे आधी पाहायला हवं.

ओच्यातली सुकडी

गुरुजींना मी त्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. फोनवर सांगायचं धैर्य झालं नाही. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दुसरं प्रूफ आहे ना माझ्याकडे? मग चल, परत बसू."

आम्ही परत बसलो. पण त्यांची नजर तोवर अधू झाली होती आणि तासाभरात ते थकत. दुष्काळाच्या प्रकरणाशी आलो तेव्हा मी त्यांना सुकडीची आठवण करून दिली, ओच्याची करून दिली. ती दोन वाक्यं आली. बाकीच्या पानांत काय होतं ते त्यांना नीट आठवेना, आणि मला त्याचा गोषवारा तेवढा आठवत होता. "तू लिही," ते म्हणाले. मी लिहिलं नाही. ते त्यांचे शब्द झाले नसते. छापील पुस्तकात ते प्रकरण साडेचार पानांचं आहे.

त्या वेळी रोज काम संपलं की गुरुजी उठायच्या आधी विचारायचे, "पोरी, दुसरीकडे ठेवलंस का?" मी पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात द्यायची. तो ते सदऱ्याच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी ठेवायचे, वरून एकदा हात फिरवून बघायचे आणि घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी तीन वाजता आले की स्टुलावर बसायच्या आधी तो काढून माझ्यासमोर ठेवायचे.